लेकुरवाळीखालचा माणूस

१

दुपारी दोनच्या ठोक्याला पहारेकऱ्याने शिल्पदालनाचं कुलूप काढलं, दार ढकललं आणि दोन पावलं आत जाऊन तो तसाच उलटा बाहेर आला. तोंडातून शब्द फुटेना. तिकिटं हातात धरून रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशांना वाटलं, आत साप निघाला असावा.

रांगेत तिसऱ्या उभ्या असलेल्या बाईंना तसं वाटलं नाही. साप पाहून माणूस ओरडतो. मुका होतो तो वेगळंच काही पाहून. त्या पहारेकऱ्याच्या बगलेतून आत शिरल्या.

सासरी त्यांना सगळे फौजदारबाई म्हणत. चोवीस वर्षं पोलिसात गेली होती, त्यातली नऊ खुनांच्या तपासात. थोरल्या नणंदेला जुनी देवळं पाहायची फार हौस, म्हणून चार दिवसांची रजा काढून त्या तिला या नगरीत घेऊन आल्या होत्या. रजेत खाकी नाही, शिट्टी नाही, मढं नाही, असं त्यांनी निघताना घरी बजावून सांगितलं होतं.

दालनाच्या मधोमध लेकुरवाळीचा चौथरा रिकामा होता. कडेवर मूल घेतलेल्या आईची ती पुरुषभर उंचीची मूर्ती खाली पालथी पडली होती, आणि तिच्याखाली छातीपासून गुडघ्यापर्यंत दाबला गेलेला पोपट होता.

पोपट म्हणजे त्यांना सकाळी देवळं दाखवणारा वाटाड्या. सत्तावीस वर्षं तीच माहिती त्याच सुरात सांगतो म्हणून गावाने ठेवलेलं नाव. आता मान एका बाजूला वळलेली होती. डाव्या कानामागे कवटी आत बसली होती, मडक्याला पोचा यावा तशी. नाकातोंडातून आलेलं रक्त फरशीच्या सांध्यांतून हातभर लांब वाहत गेलं होतं. डोळे उघडे होते.

मागच्या दाराने संग्रहालयाचे अधीक्षक धावत आले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, कोट घातलेले. "कोणी हात लावू नका," ते धापा टाकत म्हणाले. "साडेतीनशे किलोंचा दगड आहे. सरकला तर आणखी कोणाचा जीव जाईल. खाणीवरून साखळी आणि कप्पी मागवा."

शेजारच्या दवाखान्यातली डॉक्टर आली. तिने फरशीवर पसरलेलं पोपटाचं मनगट धरलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मान हलवली.

"दोरी ओलांडून मूर्तीला हात लावायला गेला असेल," अधीक्षक म्हणाले. "हजारदा सांगितलं होतं."

लोक हळहळत बाहेर सरकले. फौजदारबाई चौथऱ्याजवळ गेल्या. वर धुळीचा थर होता, आणि त्या थरात जिथे मूर्तीचं बूड टेकलेलं असायचं तिथे स्वच्छ काळा चौकोन उमटला होता. त्या चौकोनाच्या बरोबर मधे रक्ताचे सात-आठ थेंब होते. तिरपे, शेपटीवाले. फटका बसताना उडतात तसे.

त्यांनी दोनदा पाहिलं. मूर्ती जागेवर उभी असती, तर रक्त त्या चौकोनात पडलंच नसतं.

पोपटाला मारलं तेव्हा मूर्ती आधीच खाली होती.

२

इथल्या ठाण्याचा इन्स्पेक्टर बंदोबस्तासाठी दूर गेला होता. फोनवर तो म्हणाला, "मॅडम, मी पाचच्या आत पोचत नाही. तोवर तिथलं तुम्हीच सांभाळा. कोणाला बाहेर सोडू नका."

"झालं," वन्सं म्हणाल्या. "कुत्र्याचं शेपूट नळीत घालून उपयोग नाही म्हणतात ते खोटं नाही. बस आता चौकशी करत." म्हणाल्या असं, पण त्यांनी दालनाकडे पाठ फिरवली होती. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली बाई. मेलेला माणूस इतक्या जवळून प्रथमच पाहत होती.

"वन्सं, सकाळी तो काय म्हणाला होता ते आठवा. शब्दन् शब्द."

सकाळ तशी लख्ख आठवत होती. टेकडीवरच्या देवळात पोपटाने सगळ्यांना खांबाला तळवा लावायला सांगितलं होतं. "बाहेर ऊन भाजतंय आणि खांब बघा, विहिरीतून काढल्यासारखा. अस्सल काळा दगड ओळखायचा असेल तर डोळे मिटा नि हात लावा. डोळा फसतो, हात फसत नाही." मग त्याने नाकं फोडलेल्या, हात तोडलेल्या मूर्ती दाखवल्या. कोणत्या स्वारीत कोणाचं मुंडकं उडालं, कोणत्या पायरीवर किती पुजारी कापले गेले, हे त्याने भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं. शेवटी तो एका रिकाम्या कोनाड्यापाशी थांबला.

"लेकुरवाळी इथली. पुराच्या वेळी खाली संग्रहालयात नेली. मूल आईच्या गळ्यातला हार मुठीत धरून बसलंय. एवढ्या स्वाऱ्या झाल्या, पण ती मूठ कोणाला उघडता आली नाही." इथवर त्याचा सूर पाठच होता. मग तो जरा अडखळला. "दुपारी खाली या. तिथे तुम्हाला आज वेगळंच काही सांगेन म्हणतो. आधी माझी खात्री होऊ दे."

आणि तिथेच पायऱ्यांवर भांडण झालं. समोरून दुसरा वाटाड्या आपली माणसं घेऊन येत होता. चेहरा पोपटासारखाच, फक्त दहा वर्षांनी लहान. तो लोकांना सांगत होता की या देवळाखाली सोन्याचं दुसरं देऊळ आहे. पोपट सगळ्यांसमोर म्हणाला, "खोटं विकून पोट भरतोस. बाबा असते तर थोबाड फोडलं असतं." त्यावर धाकट्याने त्याची गचांडी धरली. पोपट तीन पायऱ्या गडगडत खाली आला, कोपर सोलवटलं. धाकटा वरून ओरडला, "सात वर्षांपूर्वी माझा परवाना तूच काढून घेतलास. तू मरायला टेकलास तरी तुझ्या तोंडात पाण्याचा थेंब घालणार नाही मी."

वीसबावीस माणसांनी हे ऐकलं होतं.

आता तोच धाकटा दालनाबाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. रडत नव्हता. आपल्या चपलांकडे बघत होता.

३

फौजदारबाईंनी तिकिटांच्या खोलीत टेबल घेतलं आणि एकेकाला आत बोलावलं. वन्सं कोपऱ्यात बसल्या. त्यांना जा म्हणायची कोणाची टाप नव्हती.

पहारेकऱ्याने सरळ सांगितलं, "एक वाजता लोक बाहेर काढले, पुढचं दार लावलं, किल्ली माझ्या कमरेला. पोपट सगळ्यांबरोबर बाहेर गेला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग मागून आला असणार. मागचं दार बोळात उघडतं. त्या बोळात साहेबांची खोली आणि साच्यांची खोली. ते दार दुपारी कोणी लावत नाही."

"मूर्ती या चौथऱ्यावर चढवली तेव्हा तुम्ही होतात?"

"होतो ना. आठ माणसं आणि कप्पी. तरी एकाचं बोट चेंगरलं."

साचेवाला संग्रहालयाच्या दुकानासाठी मूर्तींच्या प्रतिकृती करायचा. कपडे, भुवया, चपला, सगळं प्लास्टरने पांढरं. तो एकला घरी जेवायला गेला होता आणि दोनला सगळ्यांच्या देखत फाटकातून आला. पहारेकऱ्यानेही तेच सांगितलं.

"तुमची खोली उघडी होती?"

"उघडीच असते. आत चोरण्यासारखं काय? पोती आणि साचे." तो जरा घुटमळला. "बाई, धाकटा कधी कधी दुपारी माझ्या खोलीत पडायला येतो. परवाना नाही म्हणून त्याला पुढून आत घेत नाहीत. आज आला होता का ते मला माहीत नाही."

"लेकुरवाळीची प्रतिकृती केली होतीत कधी?"

"एकच. दोन वर्षांपूर्वी, राजधानीच्या प्रदर्शनासाठी. प्लास्टर, आत काथ्या, वरून काळ्या दगडाची पूड. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम." क्षणभर त्याचा चेहरा उजळला. "पाठवताना मात्र मी तापाने आडवा होतो. पेटी साहेबांनी उभं राहून भरून घेतली. ती अजून तिकडेच आहे म्हणतात."

"आणि मूर्तीभोवतीच्या दोऱ्या?"

"त्या त्याच सुमारास आल्या. लोकांच्या हाताच्या घामाने दगड खराब होतो म्हणून. आधी लोक लेकुरवाळीच्या पायांना हात लावून जायचे. पोपट तर रोज."

मग अधीक्षक आले. खोलीत पंखा नव्हता. फौजदारबाईंच्या मानेवरून घाम ओघळत होता, वन्सं पदराने वारा घेत होत्या. अधीक्षकांच्या कोटाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली होती. एक ते दोन ते आपल्या खोलीत जेवत होते, मग खुर्चीतच डोळा लागला. काही ऐकलं नाही.

"पोपटाशी तुमचं कसं होतं?"

"चांगला माणूस. पण आगाऊ. आपल्यालाच सगळं कळतं असं वाटायचं त्याला." त्यांचा आवाज भरून आला. "माणूस गेला याचं दुःख आहेच, पण मूर्तीचंही सांगतो, राग मानू नका. हजार वर्षं त्या लेकराने आईचा हार धरून ठेवला होता. एका माणसाच्या हट्टापायी ती मूठ गेली हो. आता ती कुठल्या गोंदाने जोडायची?"

"खरंय," फौजदारबाई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. "तुम्ही बसा तुमच्या खोलीत. नाही, खोलीत नको. इथेच व्हरांड्यात सगळ्यांबरोबर बसा."

ते बाहेर पडले आणि शिल्पदालनातून वन्संची हाक आली. त्या कधी उठून गेल्या ते कळलंच नव्हतं.

"अगं, इकडे ये. या फरशीवर कोणीतरी चित्र काढून ठेवलंय."

४

वन्सं मागच्या दाराशी ओणव्या होऊन फरशी पाहत होत्या. काळ्या फरशीवर पांढुरक्या चपलांचे ठसे होते. बोळातून आत आलेले, खांबांच्या मधून लेकुरवाळीकडे गेलेले.

"प्लास्टरची पूड," वन्सं म्हणाल्या. "साच्यांच्या खोलीतून आलाय माणूस. पहिली पावलं लांब लांब आहेत, म्हणजे घाईत. इथून लहान झाली. आणि इथे थांबला."

ठसे मूर्तीपासून दोन हातांवर थांबले होते. चवडे पोपटाच्या चेहऱ्याकडे. तिथे पूड जास्त सांडली होती. एका पायावरचा भार दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर, असं करत कोणीतरी बराच वेळ तिथे उभं होतं. मग ठसे वळले आणि आले तसे परत गेले. परतीचे पुन्हा लांब.

"पुढे एकही पाऊल नाही," फौजदारबाई म्हणाल्या.

"नाही. आणि हे बघ, जुन्या भांड्यांच्या मांडणीतला हा वरवंटा. सगळ्यांवर बोटभर धूळ आणि हा तेवढा नव्या नवरीसारखा न्हालेला. खाली पाट्यावर अजून ओल आहे."

फौजदारबाईंनी रुमालाने तो दगडी वरवंटा उचलला. वजनदार, मुठीत नीट बसणारा. एका टोकाच्या खाचेत पाण्याला पुरून उरलेली लालसर रेघ होती. तीन तडाखे पुरले असतील, त्यांच्या मनात आलं. फार तर चार.

त्यांनी धाकट्याला चपलांसकट आत बोलावलं आणि एका ठशाशेजारी पाय ठेवायला सांगितलं. त्याने ठेवला. टाचेचा तुटका कोपरासुद्धा जुळला.

व्हरांड्यातून कोणीतरी म्हणालं, "हाच तो. सकाळी आम्ही ऐकलंय सगळं." माणसं दाराशी गोळा झाली. पहारेकऱ्याने धाकट्याचा दंड पकडला.

"मी मारला नाही," धाकटा म्हणाला. "मी साच्यांच्या खोलीत पडलो होतो. पावणेदोनला धप्पकन आवाज आला. आलो तर हा असा. मी जीव खाऊन उचलायला बघितलं. तीनदा खांदा लावला. तसूभर हललं नाही. साडेतीनशे किलो, एकटा माणूस काय करणार? मग घाबरलो. सकाळचं सगळ्यांनी ऐकलं होतं. म्हणून पळालो."

"तेव्हा तो जिवंत होता?"

"नाही. गेलेला होता."

"खांदा लावलात."

"तीनदा."

फौजदारबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्या ठशांकडे पाहत राहिल्या. दोन हात लांबून कोणाचाही खांदा पोचत नाही. माणूस खोटं बोलत होता. पण त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर प्लास्टरशिवाय काही नव्हतं, आणि ज्याने तो वरवंटा चालवला त्याच्या अंगावर रक्त उडालं नसणं शक्य नव्हतं.

खोटं बोलणारा प्रत्येक जण खुनी असता, तर पोलिसांचं काम किती सोपं झालं असतं.

५

"साहेब, कप्पी अजून आली नाही?" त्यांनी विचारलं.

"खाणीवरून निघाली आहे," अधीक्षक दारातून म्हणाले. "तासाभरात येईल. तोवर कृपा करून कोणी—"

"मला एक गोष्ट समजत नाही. सगळ्यांनी ऐका, मला समजावून सांगा." त्या चौथऱ्याशी गेल्या. "हे थेंब मूर्तीच्या बुडाच्या जागेवर आहेत. म्हणजे पोपटाला मारलं तेव्हा मूर्ती इथे नव्हती, खाली काढलेली होती. त्याला पाडल्यावर ती त्याच्या अंगावर ठेवली, अपघात दिसावा म्हणून. बरोबर?"

पहारेकऱ्याने मान डोलावली.

"चढवायला आठ माणसं आणि कप्पी लागली होती. एक ते दोनच्या मधे आठ माणसं मागच्या बोळातून आली, त्यांनी मूर्ती उतरवली, खून केला, मूर्ती पुन्हा उचलली आणि गेली. पहारेकऱ्याने पाहिलं नाही, साहेबांची झोप मोडली नाही. किंवा मग..."

त्या गुडघ्यावर बसल्या. लेकुरवाळीच्या डोक्याकडून उजवा हात खाली घातला.

"बाई, पाठ धरेल तुमची," पहारेकरी म्हणाला.

मूर्ती वर आली. एका हाताने. धान्याचं अर्धं पोतं कलतं करावं इतक्या सहज. डॉक्टर पुढे धावली, तिने दुसरी बाजू धरली आणि दोघींनी मिळून ती पोपटाच्या अंगावरून उचलून बाजूला उताणी ठेवली. पोकळ आवाज आला.

साचेवाला कळवळला. "ही माझी आहे," तो म्हणाला. "हे माझं काम आहे. ही तर राजधानीत..."

लेकुरवाळीचा चेहरा शांत होता. कडेवरचं मूल होतं. पण त्याचा हार धरलेला हात मनगटापासून तुटलेला होता, आणि तुटल्या जागी काळा दगड नव्हता. पांढरंशुभ्र प्लास्टर होतं, त्यातून काथ्याचे दोन दोरे लोंबत होते.

सगळे मूर्तीकडे बघत होते. फौजदारबाई धाकट्याकडे बघत होत्या. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याची नजर मूर्तीवर नव्हती, त्यांच्या उजव्या हातावर खिळली होती.

६

"पोपट रोज या मूर्तीच्या पायांना हात लावायचा," फौजदारबाई म्हणाल्या. "मग दोऱ्या आल्या. दोन वर्षं हात लागला नाही. अलीकडे कधीतरी दोरीवरून हात गेला असेल आणि दगड गार लागला नसेल. आज त्याला खात्री करायची होती. दुपारी मागच्या दाराने तो आला आणि मूर्ती एकट्याने उचलून खाली ठेवली. सत्तावीस वर्षं तो जिच्याविषयी बोलत होता, ती त्याच्या हातात पिसासारखी आली. तेवढ्यात कोणीतरी आलं. झटापट झाली, मुलाचा हात तुटला. मग मांडणीतला वरवंटा."

"साचेवाल्याचं काम आहे हे," अधीक्षक म्हणाले. "तो कबूलच करतोय."

"मूर्ती त्यांनी केली. पण पेटीत प्रतिकृतीऐवजी खरी लेकुरवाळी भरली ती तुम्ही. आज ती कुठल्या धनिकाच्या दिवाणखान्यात उभी आहे, तेही तुम्हीच सांगाल." त्या त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मघाशी तुम्ही म्हणालात, लेकराची मूठ गेली, कुठल्या गोंदाने जोडायची. मूर्ती दोनपासून पालथी पडली होती. पोट जमिनीकडे, पाठ वर. आम्ही कोणी तो हात पाहिला नव्हता. तुटलाय हे तुम्हाला कुठून कळलं?"

अधीक्षकांचे ओठ हलले. "पडल्यावर तुटणारच. अंदाजाने बोललो."

"कोट काढा."

"काय?"

"फार उकडतंय. कोट काढा."

ते एक पाऊल मागे सरले आणि मागच्या दाराकडे वळले. पहारेकऱ्याने त्यांची कॉलर धरली. बटणं तुटून फरशीवर टणटणत गेली. आतल्या सदऱ्यावर छातीपासून पोटापर्यंत रक्त वाळून कडक झालं होतं. पहारेकऱ्याने कोट झटकला तसा खिशातून एक चिमुकला काळा हात खाली पडला. मुठीत हाराचा मणी, मनगटाशी पांढरा.

"फेकायला वेळच मिळाला नाही," अधीक्षक म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आता कसलाच कंप नव्हता. "बाहेर टाकला असता तर पांढरा कपचा कोणालाही दिसला असता. हो, मी मारला. मी हात जोडले, पाय धरले. तो म्हणाला, दोन वाजता सगळ्यांसमोर मूर्ती उचलून दाखवतो. पाठ फिरवली त्याने. मी मारला. चारदा."

वन्संनी तोंडावर पदर धरला.

"पण तो माझ्या हातून मेला नाही," अधीक्षक म्हणाले. "मूर्ती त्याच्यावर टाकली आणि बोळात पावलं वाजली. मी कोपऱ्यातल्या त्या दगडी हत्तीमागे लपलो. हा आला." त्यांनी धाकट्याकडे बोट केलं. "तेव्हा पोपटाचा श्वास चालू होता. घशात रक्त गुरगुरत होतं. त्याने याला पाहिलं. फरशीवरचा हात उचलला, असा, बोटं हलवली. आणि हा उभा राहिला. दोन हातांवर. वाकला नाही, ओरडला नाही, कोणाला बोलावलं नाही. मला वाटलं आता हा मूर्ती उचलणार आणि माझं सगळं संपणार. पण याने बोटसुद्धा लावलं नाही. मी खुनी आहे. हा कोण आहे ते लिहा तुमच्या वहीत."

धाकट्याने त्यांना पुढचा शब्द बोलू दिला नाही. पहारेकऱ्याच्या हातून त्याने अधीक्षकांना खेचलं आणि त्यांचं डोकं चौथऱ्याच्या कडेवर आपटलं. एकदा. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा दोन दात फरशीवर घरंगळले. तिसऱ्यांदा त्याने ते डोकं दोन्ही हातांनी उंच उचललं होतं. फौजदारबाईंनी मागून त्याचा हात पकडून पिरगाळला. तो थांबेना. त्यांनी आणखी पिरगाळला. खांदा खटकन निखळला आणि तो गुडघ्यांवर आला.

भावाच्या चेहऱ्यासमोर, फरशीवर, तो तसाच बसून राहिला.

७

पाचला ठाण्याची गाडी आली. अधीक्षकांना तोंडाला फडकं बांधून नेलं, पोपटाला स्ट्रेचरवरून. डॉक्टरने धाकट्याचा खांदा बसवायला सुरुवात केली, पण तो नको म्हणाला, नंतर म्हणाला. हात तसाच लोंबत ठेवून तो संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बसला. फौजदारबाई दोन पायऱ्या वर बसून जबाब लिहीत होत्या.

"तीनदा खांदा लावला हे खोडायचं ना?" त्यांनी विचारलं.

"खोडा."

"मग काय लिहू?"

"सात वर्षं मी रोज रात्री त्याला मनात मारायचो," तो म्हणाला. "कधी पायरीवरून ढकलायचो, कधी विहिरीत. आज तो समोर पडलेला होता. मला वाटलं, भोग आता. थोडा वेळच. मग वाटलं, एवढा मोठा दगड, मी हात लावून तरी काय उपयोग. हे मी मनाला सांगितलं आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, बाई. उचलता येणार नाही म्हणून मी सुटलो असं वाटलं." तो थांबला. "तुम्ही एका हाताने उचललंत."

फौजदारबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मी उचललं असतं तर वाचला असता?"

डॉक्टर तिथेच उभी होती. ती म्हणाली, "कवटी फुटली होती. पण शेवटी जीव घशातल्या रक्ताने गेला. कुशीवर वळवलं असतं तर... सांगता येत नाही. कदाचित."

"मला धरणार का?"

"मारहाणीचा गुन्हा होईल. जामीन मिळेल," फौजदारबाई म्हणाल्या.

"त्याचं नाही विचारत. उभा राहिलो त्याचं."

"त्याला कलम नाही."

तो मान हलवत राहिला. जणू कलम असतं तर बरं झालं असतं.

फाटकातून एक बाई येत होती. शेजारणीने दंड धरला होता. तिने तो सोडवून घेतला आणि एकटी पुढे आली. पोपटाची बायको. धाकटा उठून उभा राहिला. सात वर्षांत ती दोघं एकमेकांशी बोलली नव्हती.

"तू होतास म्हणे शेवटी त्यांच्याजवळ," ती म्हणाली. "काही बोलले का?"

वन्संनी फौजदारबाईंचा हात घट्ट धरला. खोटं बोलणं किती सोपं होतं. तुझं नाव घेतलं, पोरीला सांभाळा म्हणाला, काहीही चाललं असतं. या माणसाचं पोटच गोष्टी रचण्यावर होतं.

"बोलला नाही," धाकटा म्हणाला. "माझ्याकडे हात केला. मी धरला नाही, वहिनी. उभा राहून बघत राहिलो."

"किती वेळ?"

"त्याची बोटं थांबेपर्यंत."

ती पुढे झाली आणि तिने त्याच्या तोंडावर मारलं. मग दुसऱ्या हाताने. मग मुठींनी, छातीवर, मानेवर, निखळलेल्या खांद्यावर. तो पांढराफटक पडला, पण मागे सरला नाही आणि हात वर केला नाही. पहारेकरी सोडवायला निघाला. फौजदारबाईंनी नजरेनेच त्याला थांबवलं. बाईचे हात थकेपर्यंत कोणी मधे गेलं नाही.

मग ती पायरीवर बसली. पदराने तोंड पुसलं.

"पोर शाळेतून आली असेल," ती म्हणाली. "तिला अजून काही माहीत नाही."

"मी सांगतो."

"तूच सांग. आत्ता मला सांगितलंस तसं. काही गाळू नकोस." ती उठली. "मी दाराशी उभी राहीन. पळून जाऊ नकोस."

"नाही जाणार," तो म्हणाला.

ती फाटकाकडे चालू लागली. तो एका हाताने दुसरा हात पोटाशी धरून तिच्यामागून गेला.